मागच्या सीटवरचं ठिगळ

कामशेत,
८ डिसेंबर २०२४

गुलनाज,

सलाम. पत्र बघून घाबरू नकोस, अब्बा बरे आहेत.

माझ्या फोनवर तुझा नंबर मी बंद केला तो अजून बंदच आहे आणि तो तसाच राहणार, म्हणून हा कागद. शिवाय फोनवर तू आधी रडतेस. तू रडायला लागलीस की भांडण तिथंच संपतं आणि चूक माझी ठरते. कागदावर रडलीस तरी मला ऐकू येणार नाही.

अब्बांच्या मोबाईलचा आवाज किती मोठा असतो ते तुला ठाऊक आहे. शुक्रवारी मशिदीतून आल्यावर ते पडवीत बसून तुझ्याशी बोलत होते आणि मी आत भाकऱ्या थापत होते. सगळं ऐकलं मी. "अब्बा, पासपोर्ट काढून घ्या. मी तुम्हाला बहारीनला घेऊन येते. इथं डोळ्यांचे डॉक्टर चांगले आहेत. हमदान सारखा नानांना विचारतो." नातवाचं नाव काढलं की अब्बा विरघळतात, हे तू बरोबर हेरलंयस.

अब्बा कुठंही जाणार नाहीत. काचबिंदूचे थेंब मी त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी घालते. उजवा डोळा गेलाच, डाव्यानं त्यांना आता फक्त उजेड कळतो, पण या घरात ते भिंतीला हात लावून सगळीकडे फिरतात. पायरी कुठं आहे, माठ कुठं आहे, कारखान्यात हातोडी कोणत्या खिळ्याला आहे, सगळं त्यांच्या हाताला पाठ आहे. तुझ्या सातव्या मजल्यावर त्यांचा हात कशाला लागणार? काचेला?

तू म्हणशील, आपा जळते. म्हण. दहावी झाल्यावर मी शिलाई मशीनवर बसले आणि तू नर्सिंगला गेलीस, याचं मी कधी कुणाकडे काही बोलले नाही. माझं लग्न मोडलं आणि मी परत आले, तेव्हा अब्बांनी माझ्यासमोर रेक्झिनचा तागा टाकला आणि म्हणाले, "काप." तेव्हापासून कापतेच आहे. रिक्षाची हुडं, टेम्पोच्या सीटा, ट्रॅक्टरची गादी. दिवसभर माझ्या शेजारी बसून हा माणूस संध्याकाळी चहा पिताना म्हणतो काय, तर "गुलनाजचा फोन न्हाई आला आज."

अम्मी गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलीस आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालीस, "आपानं वेळेवर पुण्याला हलवलं असतं तर..." ते वाक्य तू तिथंच सोडलंस. दोन वर्षं झाली, मी ते रोज पूर्ण करते.

तेव्हा पासपोर्टचं विसर.

आता एक बातमी, तुला आवडेल अशी, म्हणून शेवटी लिहिते. लोणावळ्याच्या डॉक्टरांची मॉरिस गाडी आपल्या कारखान्यात आली आहे. तीच, हिरवी. डॉक्टर गेल्यापासून तुंगार्लीच्या बंगल्यात ताडपत्रीखाली पडून होती. त्यांची मुलगी राजेश्वरीबाई पुण्यातली प्रोफेसरकी संपवून आता लोणावळ्यात राहायला आली आहे. तिनं गाडी दुरुस्तीला काढली. इंजिनाचं काम सोपानभाऊंकडे, आतलं माझ्याकडे. सोपानभाऊंनी टेम्पोला बांधून गाडी आणली, दोर सोडायच्या आधीच म्हणतात, "शहनाजताई, ह्याच गाडीत आपली गुलनाज झालती न्हवं?"

गाडी पुरती आत आली नव्हती, तेवढ्यात तुझं नाव आलं.

बाईंचं म्हणणं एकच. बाहेरून रंग द्या, इंजिन उतरवा, काय हवं ते करा, पण आतलं त्यांच्या बाबांनी बघितलं तसं राहिलं पाहिजे. नवीन सीटकव्हर नको, नवीन छत नको. फाटलंय ते सांधा, बदलू नका. असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघितलं. काम घेतलं आहे. बाईंशी बरंच बोलणं झालं. बाकी विशेष काही नाही.

शहनाज

*

कामशेत,
१९ जानेवारी २०२५

गुलनाज,

माझ्या पत्राला उत्तर न देता तू अब्बांना फोन केलास आणि गाडीच्या मागच्या सीटचा फोटो मागितलास. अब्बा दोन दिवस माझ्यामागे लागले होते, "शानू, पोरीला फोटू धाड." मी नाही पाठवला. काम चालू असताना मी फोटो काढत नाही, असं त्यांना सांगितलं. खोटं आहे ते. काढते.

काम मात्र असं आहे की माझ्या आयुष्यात असं मिळालं नव्हतं. सीटचं कातडं सत्तर वर्षांचं, पापडासारखं कडक झालेलं. पहिले आठ-दहा दिवस मी नुसतं पुसलं. पिळलेलं फडकं, अगदी थोडा साबण, मग सुकं फडकं, मग कातड्याचं मलम चोळायचं आणि सावलीत ठेवायचं. हळूहळू ते मऊ होतं. एका दुपारी मी अंगठ्यानं दाबलं आणि ते दबून परत वर आलं, तेव्हा मी एकटीच हसले. फाटलेल्या जागी आतून मांजरपाटाचा तुकडा चिकटवायचा, वरून काही दिसता कामा नये. शिलाई उसवली असेल तर जुन्या भोकांतूनच सुई न्यायची. नवं भोक पाडलं की जुनं कातडं तिकिटासारखं त्या रेषेवर फाटत जातं. हे अब्बांनी मला शिकवलं होतं, पण शिकवलेलं वापरायला असं कातडं कधी आलंच नव्हतं. आपल्याकडे येतात ती माणसं म्हणतात, ताई, चकचकीत करून द्या.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. इथं कुणाला सांगता येत नाही. तुला सांगते, कारण ज्याची वस्तू त्याला कळायला हवं.

गाडी आली त्या दिवशी राजेश्वरीबाई मागच्या दारातून आत वाकल्या. साठी उलटलेली बाई, पांढरे केस कापलेले, बोलणं मऊ. त्यांनी सीटवरच्या त्या ठिगळावर हात ठेवला, अब्बांनी लावलेल्या. आजूबाजूच्या कातड्याहून ते जरा काळपट आहे, आठवतं ना? आणि मला विचारलं, "बाबा नेहमी सांगायचे, राजमहंमदची मुलगी या गाडीत जन्मली. ती तुम्हीच का?"

सोपानभाऊ टेम्पो घेऊन गेले होते. अब्बा घरी होते. मी हो म्हणाले.

का म्हणाले विचारू नकोस. तोंडातून गेलं. त्या थांबल्या, मला वर-खाली बघितलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "सांगा ना. बाबांकडून ऐकलं होतं, तुमच्याकडून ऐकू द्या." आणि मी सांगितलं, गुलनाज. एक शब्द चुकला नाही. अम्मीच्या कळा लवकर सुरू झाल्या, अब्बा रस्त्यावर उभे राहिले, पवनेच्या बाजूनं पेशंट बघून येणाऱ्या डॉक्टरांनी गाडी थांबवली. पुण्याकडे निघाले, घोरावाडीच्या फाटकात गाडी अडली, एक मालगाडी गेली, फाटक उघडेना, दुसरी आली. आणि दुसऱ्या मालगाडीच्या आवाजात डॉक्टर ओरडले, "राजमहंमद, मुलगी!" हे मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की सांगताना मला खरोखर त्या डब्यांचा आवाज ऐकू आला. मी त्या वेळी पाच वर्षांची होते आणि शेजारच्या नंदाबाईंच्या ओट्यावर शेंगा सोलत होते, हे तेवढं वगळलं.

दर वाढदिवसाला डॉक्टरांकडून तुला फ्रॉक यायचा. त्याच्या रंगीत कागदाची मी वह्यांना कव्हरं घालायचे. तुला हे आठवणारही नाही, तुझं लक्ष फ्रॉककडे असायचं.

तेव्हापासून राजेश्वरीबाई मला वेगळंच वागवतात. आठवड्यातून एकदा येतात, काम बघायला कमी आणि माझ्याशी बोलायला जास्त. एकदा लोणावळ्याला जेवायला बोलावलं. मला डॉक्टरांच्या खुर्चीवर बसवलं, भावाच्या बायकोला फोन लावून म्हणाल्या, "बाबांची ती मुलगी माझ्यासमोर जेवतेय." मला वाढताना दोनदा विचारत होत्या, आवडलं का.

मला पहिल्यांदा कळलं, तुझ्या जागी बसलं की कसं वाटतं. थंडीत उन्हाला पाठ देऊन बसावं तसं. तू जन्मभर तिथंच बसली होतीस आणि तुला वाटलं असेल, ऊन सगळ्यांवरच पडतं.

मी त्यांना खरं सांगणार नाही. तू आता बहारीनहून येऊन सांगणार असशील तर सांग.

शहनाज

*

कामशेत,
२३ फेब्रुवारी २०२५

गुलनाज,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तुमच्या बहारीनच्या मोईनभाईंनी इकडे सुट्टीवर आल्यावर आणून दिली. "आपा, गोष्ट तुला हवी असेल तर ठेव. फक्त अब्बांना माझ्याकडे थोडे दिवस पाठव." मी ती वाचली आणि इतकी चिडले की सुई बोटात गेली. गोष्ट ठेव म्हणे. जुना फ्रॉक मोठ्या बहिणीला द्यावा तसं.

त्याच रागात मी जे केलं ते आता लिहिते.

पुढच्या सीटा झाल्या होत्या, दारांची पॅडं झाली होती, छताचं कापड आतून मलमल लावून तोललं होतं. राहिली होती मागची सीट. मी राजेश्वरीबाईंना विचारलं, ठिगळ गाडीच्या कंपनीतून आलेलं नाही, नंतरचं आहे, ठेवायचं का? त्या म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवायचं. जागा तुमची आहे." कुणीही कधी माझ्या हातात इतकी सोयीची कात्री दिली नव्हती.

मी ठिगळ उसवलं. अब्बांचे टाके बारीक, सगळे सारखे, एकेक सोडवायला अख्खी सकाळ गेली. मला वाटलं होतं खालचं कातडं त्यांनी कापून काढलं असेल. कापलं नव्हतं. मूळ कातडं खाली तसंच होतं, उन्हात कधी न आल्यामुळे बाकीच्या सीटपेक्षा ताजं, फक्त मधोमध एक मोठा काळा डाग. मी स्वतःला म्हटलं, झालं, बाईंना मूळ पाहिजे, हे मूळ आहे. डाग दिसला तर दिसला. ठिगळ मी चिंध्यांच्या पोत्यात टाकलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. कामशेतच्या बाजारात उभं राहून ओरडावंसं वाटलं, की बघा, गाडीवाल्या गुलनाजचं ठिगळ गेलं.

चार दिवसांनी दुपारी अब्बा कारखान्यात आले. एकटेच, भिंतीला हात लावत. "गाडी दाखव," म्हणाले. मी त्यांना आत बसवलं. त्यांनी सीट हातानं बघितली, जशी माणसं ओळखीच्या गुराच्या पाठीवरून हात फिरवतात. कडेचं पायपिंग चाचपलं, माझी एक शिलाई नखानं ओढून बघितली आणि म्हणाले, "भोकं जुनीच घेतलीस. झ्याक." एवढंच. पण अब्बा कधी एवढंही म्हणत नाहीत.

मग हात मागच्या सीटवर गेला आणि थांबला.

"हितलं ठिगळ कुटं गेलं?"

"काढलं अब्बा. खाली मूळ कातडं चांगलं होतं. बाईंना मूळ हवं आहे."

"डाग हाय का अजून?"

"आहे."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. तो आवाज थांबल्यावर अब्बा म्हणाले, "डॉक्टरसाहेब म्हनले व्हते, राहू दे राजमहंमद, धुतलं की जाईल. तुजी अम्मी ऐकंना. बाळंतीण बाई, उठता यिना, आन् मला म्हनती, आदी जाऊन त्ये झाका. त्या गाडीत उद्या परकी मानसं बसतील, पेशंट बसतील, माजं रगत बगतील. म्या तिसऱ्या दिवशी जाऊन झाकलं. घरी आल्यावर तिनं विचारलं, दिसतंय का? म्या म्हनलं, न्हाई. तवा कुटं भाकर खाल्ली तिनं."

गुलनाज, चाळीस वर्षं आपण दोघी त्या ठिगळाला तुझं समजत होतो. तू अभिमानानं, मी जळून. ते अम्मीचं होतं. तिनं तेवढीच एक गोष्ट मागितली होती, आणि मी ती पोत्यात टाकून चार दिवस खुशीत फिरत होते. त्याच चार दिवसांत राजेश्वरीबाई त्या डागाकडे बघत मला म्हणाल्या होत्या, "केवढं रक्त!" आणि मी मान डोलावली होती.

मी पोतं ओतलं. चिंध्या भंगारवाल्याला जायच्या होत्या, पण गेल्या नव्हत्या, अल्लाची मेहेरबानी. ठिगळ मळलं होतं, एका कोपऱ्यावर कुणाचा तरी पाय पडला होता. ते पुसलं, मलम लावलं, आणि अब्बांसमोर बसून परत शिवलं. त्यांच्याच भोकांतून. प्रत्येक भोकाशी ते बोट ठेवायचे आणि मी सुई न्यायचे. मध्येच मी रडले. त्यांना दिसत नाही म्हणून बरं, असं वाटलं, तर म्हणतात, "दोऱ्याला पानी नको लावूस, शानू. कुजतो."

शिवून झाल्यावर त्यांनी स्वतःच विषय काढला. "मी जातो तिच्याकडं. ईदीनंतर. तीन महिने."

मी विचारलं, "माझं काही चुकतंय का अब्बा?"

"तुजं काय चुकंल? तू मला सांभाळलंस, तुला ठाऊक हाय तू काय केलंस. तिनं काय केलं? फोन केले. उद्या मी मेलो तर तू रडशील आन् गप बसशील. ती येडी होईल. तिला बी थोडं करू दे माजं."

आता हे वाचून तुला काय वाटेल मला माहीत नाही. मला तर अजून राग आहे. मी सगळं केलं, म्हणून माझ्याकडून घेऊन तुला द्यायचं, हा कुठला न्याय? पण ते अब्बांनी ठरवलंय. पासपोर्ट मीच काढला आहे, पुण्याला दोन खेपा घालून. ये आणि ने.

शहनाज

*

कामशेत,
२० एप्रिल २०२५

गुलनाज,

तुम्हाला जाऊन आज आठ दिवस झाले. घर फार मोठं झालंय. माठ मी जागेवरून हलवलेला नाही, तरी काल अंधारात नव्हे, भर दुपारी मला त्याची ठेच लागली.

थेंबांचं परत लिहिते. सकाळी आधी निळ्या टोपणाचे, मग पाच मिनिटं डोळे मिटून, मग पांढऱ्या टोपणाचे. ते म्हणतील झाली पाच मिनिटं, झालेली नसतात. तू नर्स आहेस, तुला कळतं, तरी लिहिते.

तू इथं असताना मला बोलता आलं नाही, म्हणून त्या दिवसाबद्दल आता लिहिते. ईदनंतर राजेश्वरीबाई गाडी घेऊन आल्या, सगळ्यांना पवनेपर्यंत फिरवून आणायचं म्हणून. अब्बांना पुढं बसवलं. आपण दोघी मागे, मध्ये ते ठिगळ. माझं खोटं तू वाचलेलं होतं आणि तू तोंड मिटून बसणारी नाहीस. कामशेतचा पूल गेला आणि बाई आरशात बघून तुला म्हणाल्या, "तुमच्या आपा याच सीटवर जन्मल्या, माहीत आहे ना?"

तू म्हणालीस, "हो ना. लहानपणी मला आपाचा इतका हेवा वाटायचा! मी आपली साध्या दवाखान्यात जन्मले."

पुढं अब्बांना ठसका लागला. मला माहीत आहे तो ठसका नव्हता, दाबलेलं हसू होतं.

तुला वाटलं असेल, तू मला वाचवलंस. त्या क्षणी मला तुला गाडीतून ढकलावंसं वाटलं. किती सहज दिलंस! ज्याच्या घरात पोत्यानं भात आहे तोच असा सूप भरून देतो. मी ती गोष्ट चोरली तेव्हा निदान ती माझी चोरी होती. तू ती दान केलीस, आणि मोठेपणसुद्धा तुझ्याच वाट्याला गेलं. सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते. भाताची खाचरं सुकी पडली होती, त्यात गुरं सोडलेली. बाईंनी विचारलं, "शहनाज, गाडी लागते का तुम्हाला?" तू माझ्या पाठीवरून हात फिरवलास. मी आणखी चिडले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू कारखान्यात आलीस आणि एका टेम्पोच्या सीटवर बसून म्हणालीस, "मला शिकव."

मी म्हटलं, चार दिवसांत काय शिकणार?

तेव्हा तू जे बोललीस ते मी तुला परत लिहून दाखवते, कारण बोलताना तू हसत होतीस आणि मला खात्री करायची आहे की तू ते खरंच म्हणालीस. तू म्हणालीस, "दहा वर्षांची असताना मी अब्बांकडे सुई मागितली होती. त्यांनी काढून घेतली. म्हणाले, तू पुस्तक धर. तुम्ही दोघं इथं आत बसायचात, दार अर्धं लावलेलं, डोकी जवळ, आणि मध्येच मोठ्यानं हसायचात. मी स्वयंपाकघरात अम्मीजवळ भूगोल पाठ करायचे. मला कधीच कळलं नाही तुम्ही कशाला हसायचात. एकदा विचारलं तर अब्बा म्हणाले, ते कामातलं आहे."

मी त्या दाराच्या आतल्या बाजूला होते, गुलनाज. मला वाटायचं आम्हाला कोंडलंय.

कशाला हसायचो, आता आठवत नाही. गिऱ्हाइकांच्या नकला करायचे अब्बा बहुतेक.

तुझी शिलाई अगदीच वाकडी आली. त्या टेम्पोवाल्यानं काल ती बघितली आणि मला म्हणाला, "ताई, बरं नव्हतं का?" मी ती उसवली नाही. त्याला म्हटलं, चालवून घे.

अम्मीबद्दलच्या त्या अर्ध्या वाक्याचं तू काही बोलली नाहीस. मीही नाही. ते अजून आपल्या दोघींत आहे आणि मी ते विसरलेले नाही, एवढं लिहून ठेवते.

विमानतळावर अब्बांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी बघितला, जसा हल्ली ते बघतात, आणि मग काचेच्या दारातून आत गेले. तुझा हात धरून. मागे वळले नाहीत, वळून त्यांना काही दिसलं नसतं, तरी मला वाटलं वळतील.

परवा मी लोणावळ्याला गेले. राजेश्वरीबाईंकडे. दारातच सांगितलं, चहा व्हायच्या आत, नाहीतर परत राहून गेलं असतं. "बाई, मी त्या गाडीत जन्मले नाही. माझी धाकटी बहीण जन्मली. तुमच्या बाबांनी सांगितलेली मुलगी ती. मी खोटं बोलले."

त्या खाली बसल्या. चष्मा काढला. माझ्या मनात होतं, आता म्हणतील, हरकत नाही. तसं काही म्हणाल्या नाहीत. दुखावल्या होत्या, स्पष्ट दिसत होतं. "मी सगळ्यांना सांगितलं होतं," म्हणाल्या. "दादाच्या बायकोला, माझ्या मैत्रिणींना." मी म्हटलं, "हो." मी उठायला लागले, तर त्यांनी विचारलं, आणि रागानंही नाही, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं:

"मग तुम्ही कुठं जन्मलात?"



गुलनाज, मला माहीत नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाले, आणि हे मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. तुझ्या जन्माची मालगाडी मला पाठ आहे. माझ्या जन्माच्या वेळी कोण होतं, दिवस होता की रात्र, घरात की दवाखान्यात, अम्मीला त्रास झाला का, अब्बा तेव्हा कुठं उभे होते, काहीच माहीत नाही. अम्मीला आता विचारता येत नाही. अब्बा तुझ्याकडे आहेत.

तुझा नंबर मी सुरू केला आहे, पण हे फोनवर सांगू नकोस. अब्बा जेवून निवांत बसले की त्यांच्याजवळ बस आणि विचार. ते म्हणतील, त्यात काय सांगायचं. सोडू नकोस, धरून बस. आणि ते जसं सांगतील तसं, त्यांच्याच शब्दांत, सगळं मला लिहून पाठव. मधे तुझं काही घालू नकोस.

शहनाज